उमेदवारीचे एक वर्ष

इ. स. 1915 च्या जानेवारी महिन्याच्या 9 तारखेस मोहनदास करमचंद गांधी मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्या वयाची 45 वर्षे पूर्ण झाली होती, दक्षिण आफ्रिकेतील दोन दशकांच्या झुंजीने त्यांचे नाव देशभर पोहोचले होते, आणि स्वदेशी पाऊल ठेवताच त्यांनी सभा गाजवाव्यात अशी पुष्कळांची अपेक्षा होती. परंतु ज्यांना ते आपले राजकीय गुरू मानीत, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्याकडून निराळेच वचन घेतले. एक वर्षभर देशात हिंडावे, पाहावे, ऐकावे, अनुभव गाठीस बांधावा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर आपले मत प्रकट करू नये, असे ते वचन होते. पुढे दीड महिन्याच्या आतच, 19 फेब्रुवारीस, गोखल्यांचे देहावसान झाले. शांतिनिकेतनात ती वार्ता ऐकून गांधी पुण्याला धावत आले. वचन घेणारा गेला होता, पण वचन त्यांनी पाळले. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून, रंगूनला जाणाऱ्या बोटीतून, हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या गर्दीतून त्यांचे ते वर्ष गेले, आणि दिवसाकाठी पाचांहून अधिक पदार्थ न खाण्याचा त्यांचा नेमही त्याच वर्षी हरिद्वारास सुरू झाला.

आपल्या जुन्या कचेऱ्यांत अशा काळाला एक नेमका शब्द होता: उमेदवारी. आज निवडणुकीच्या धामधुमीत या शब्दाचा अर्थ आक्रसला असला, तरी पूर्वी मामलेदार कचेरीत किंवा पेढीवर नोकरीची उमेद धरून येणारा तरुण काही महिने बिनपगारी बसे, वडीलधाऱ्या कारकुनांचे काम न्याहाळी, कागदांच्या नकला करी, हिशेबाची रुजुवात कशी घेतात ते शिके, आणि जागा रिकामी होताच रुजू होई. उमेदवाराला वेतन नव्हते, अधिकार नव्हता, मत मांडण्याची मुभा तर नव्हतीच. पण त्या काळाला आरंभ होता, शिस्त होती, आणि शेवटी रुजू होण्याची एक जागा होती. बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर आणि महाविद्यालयाची पायरी चढण्यापूर्वी एक वर्ष प्रवासात घालवावे, हा विचार हल्ली आपल्याकडील काही घरांत बोलला जाऊ लागला आहे. त्या वर्षाकडे या जुन्या अर्थाने उमेदवारी म्हणून पाहिले, तर त्याची आखणी कशी करावी याचा उलगडा बराचसा आपोआप होतो, असे मला वाटते.

ही कल्पना मूळची परकी असे जे समजतात, त्यांनी तिचा इतिहास थोडा पाहावा. सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडमधील धनिकांची मुले पॅरिस, व्हेनिस, रोम अशी दीर्घ यात्रा करीत आणि ती शिक्षणाची सांगता समजली जाई. पण ती श्रीमंतांची चैन होती. याहून बोधप्रद परंपरा जर्मनीतील कारागिरांची आहे. सुतारकाम, गवंडीकाम असा एखादा धंदा शिकून उमेदवारी संपवलेला तरुण काळे कपडे घालून, हातात काठी घेऊन, तीन वर्षे आणि एक दिवस गावोगाव काम करीत हिंडतो. त्या अवधीत आपल्या गावाच्या 50 किलोमीटरांच्या आत त्याला येता येत नाही, तो अविवाहित असावा लागतो आणि त्याच्या डोक्यावर कर्ज असून चालत नाही. ही चाल आजही काही जण पाळतात. ब्रिटनमध्ये 1958 साली ॲलेक डिक्सन यांनी शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना विद्यापीठात जाण्यापूर्वी परदेशी सेवाकार्यासाठी धाडण्यास आरंभ केला, आणि त्यानंतरच्या दशकात शाळा व विद्यापीठ यांच्यामधील या वर्षाला तेथे रूढीचे स्वरूप आले. आपल्याकडे तर तीर्थाटन, वारी आणि परिक्रमा यांची परंपरा इतकी जुनी आहे, की घर सोडून चालू लागणे हाही ज्ञानाचा मार्ग आहे, हे कोणी आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही.

तरीही मराठी मध्यमवर्गीय घरात हा विषय निघाला की पहिला उद्गार ठरलेला असतो: मुलाचे वर्ष बुडेल! या शब्दप्रयोगात मोठे तथ्य आहे, म्हणून त्याला हसून टाळू नये. बुडते ते कर्ज, बुडते ती ठेव. ज्या पैशाचे दस्तऐवज नाहीत, ज्याची मुदत ठरलेली नाही आणि ज्याची वहीत नोंद नाही, तो पैसा बुडतो. वर्षाचेही तसेच आहे. ज्या वर्षाचा आरंभ आळसाने झाला, ज्याचा शेवट ठरला नाही आणि ज्याच्या दिवसांचा जमाखर्च लिहिला गेला नाही, ते वर्ष बुडीत खात्यात जाईल, मग ते घरी बसून गेलेले असो की हिमालयात हिंडून. पालकांची भीती खरी आहे. तिला उत्तर द्यायचे ते चोख बंदोबस्ताने.

या बंदोबस्ताचा आरंभ शेवटापासून करावा लागतो, म्हणजे वर्ष संपल्यावर रुजू कोठे व्हायचे, हे निघण्यापूर्वी ठरले पाहिजे. ब्रिटनमधील विद्यापीठांकडे अर्ज करतानाच पुढील वर्षीचा प्रवेश मागता येतो, आणि पुष्कळ विद्यापीठे तो देतातही. त्यामुळे तेथील मुलगा प्रवेश खिशात घालून प्रवासाला निघतो. आपल्याकडील शासकीय प्रवेशप्रक्रियेत अशी राखीव जागा सहसा मिळत नाही. राज्याच्या सीईटीचे गुण त्या त्या वर्षाच्या प्रवेशापुरतेच उपयोगी पडतात. देशातील वैद्यकीय प्रवेशासाठी नीटची गोष्टही तीच. जेईई मेनला त्या वर्षी बारावी झालेल्यांबरोबर आधीच्या दोन वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांनाही बसता येते. पण जेईई ॲडव्हान्सचे प्रयत्न लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच असतात, म्हणून आयआयटीची आकांक्षा धरणाऱ्याने एक वर्ष मोकळे घेताना हे गणित दहादा तपासावे. कला, वाणिज्य किंवा मूलभूत विज्ञानाच्या पदवीकडे ज्याचा ओढा आहे, त्याला ही अडचण पुष्कळ कमी. प्रवेशपरीक्षा ज्याला पुन्हा द्यायची आहे, त्याने मात्र जून ते डिसेंबर एवढाच काळ प्रवासाला द्यावा आणि जानेवारीपासून पुस्तकांसमोर बसावे, हेच श्रेयस्कर. नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून मित्रांच्या सांगण्यावर न विसंबता त्या त्या वर्षाची मूळ माहितीपुस्तिका स्वतः वाचणे, हा या उमेदवारीचा पहिला धडा समजावा.

दुसरे काम कागदपत्रांचे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवासाचे प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला, त्याची वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र, हे सर्व घर सोडण्यापूर्वी दप्तरात जमा असावे. कारण जातवैधतेसारखे काम काही महिने घेते, आणि प्रवेशाच्या तोंडावर मुलगा आसामात नि त्याचा अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत, अशी ताटातूट झाली तर खरोखरच वर्ष बुडते. शिक्षणात खंड पडल्यावर महाविद्यालये एक प्रतिज्ञापत्र मागतात, ज्याला बोलीभाषेत गॅप सर्टिफिकेट म्हणतात. मधल्या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता असे त्यात लिहून द्यावे लागते. त्याचा मसुदा आधीच पाहून ठेवावा. परदेशी जाण्याचा विचार नसला तरी पारपत्र काढून ठेवणे चांगले. नेपाळ व भूतान या शेजारी देशांत भारतीय नागरिकाला पारपत्राऐवजी मतदार ओळखपत्रावरही जाता येते. भूतानात मात्र दर रात्रीचे 1,200 रुपये शुल्क भरावे लागते. मतदारयादीत नाव नोंदवण्यासाठी हल्ली वर्षात 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक आहेत. अठरावे वर्ष पूर्ण होताच नाव नोंदवावे आणि मग देश पाहायला निघावे, यात एक औचित्यही आहे. अठरा पूर्ण होण्याआधी एकट्याला बहुतेक निवासगृहांत खोली मिळत नाही. ज्याचा वाढदिवस उशिरा येतो, त्याने आरंभीचे महिने नातलगांकडे किंवा संस्थांच्या शिबिरांत काढावेत.

आता प्रवासाचा आराखडा. नकाशा पसरून आवडत्या नावांभोवती वर्तुळे काढणे ही पुष्कळांची पद्धत असते, आणि तिच्यामुळेच ऐन पावसात गुवाहाटी व ऐन वैशाखात जैसलमेर नशिबी येते. आपल्या देशात प्रवासाची दिशा ऋतूंनी ठरवायची असते. नैर्ऋत्य मोसमी वारे साधारणतः 1 जूनला केरळात प्रवेश करतात, महिन्याभरात देश व्यापतात, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून वायव्येकडून माघार घेऊ लागतात. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत परतीचे ईशान्य वारे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पाऊस आणतात. ही दोन वाक्ये ज्याने ध्यानी घेतली, त्याचा निम्मा आराखडा तयार झाला.

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आळंदी व देहू येथून पालख्या निघतात. महाराष्ट्रातील मुलामुलींना प्रवासाचा आरंभ करायला वारीसारखी दुसरी शाळा नाही. अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट, अडीच-तीन आठवडे चालणे, उघड्यावरचा मुक्काम, पंगतीतले जेवण, आणि ज्यांच्याशी एरवी आपला संबंध आला नसता अशा शेतकरी स्त्रीपुरुषांचा अखंड सहवास. यात शरीराची परीक्षा होते, सामान किती कमी पुरते ते कळते, आणि घरच्यांनाही मुलाच्या सहनशक्तीचा अदमास येतो. परिचयाच्या दिंडीबरोबर जावे, दिंडीचालकांच्या सांगण्यात राहावे. ज्याला हे वीस दिवस असह्य होतील, त्याने पुढचे दोनशे दिवस आखण्यापूर्वी स्वतःशी प्रामाणिकपणे विचार करावा. यात नामुष्की काही नाही.

जुलै ते सप्टेंबर देशाचा बहुतेक भाग भिजत असताना लडाख आणि स्पिती हिमालयाच्या पर्जन्यछायेत कोरडे असतात आणि तेथील रस्ते याच काळात खुले असतात. मात्र तिकडे जाणाऱ्या घाटांत दरडी कोसळतात, म्हणून वेळापत्रकात मोकळे दिवस ठेवावेत. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. तेथे विमानाने पोहोचलेल्याने पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. 3,000 मीटरांच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची 500 मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा गिर्यारोहकांचा नियम आहे. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे ही लक्षणे दिसताच वर न चढता खाली उतरणे हाच उपाय. या बाबतीत पौरुष दाखवणारे जिवाला मुकले आहेत. पावसाळा सरल्यावर, ज्याला पर्वताची ओढ आहे त्याने उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था यांच्या सुमारे चार आठवड्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाची चौकशी करावी. पहिली 1965 साली स्थापन झाली, दुसरी एव्हरेस्टवरील पहिल्या यशस्वी चढाईनंतर 1954 साली. दोन्हींकडे जागांसाठी फार आधी अर्ज करावा लागतो.

नोव्हेंबर-डिसेंबरात ईशान्येकडे जावे. आकाश स्वच्छ असते, ब्रह्मपुत्रेचा पूर ओसरलेला असतो, पावसाळ्यात बंद असणारे काझीरंगा उघडलेले असते, आणि माजुलीच्या बेटावरील वैष्णव सत्रांत आपल्या वारकरी कानांना ओळखीचे वाटेल असे नामसंकीर्तन ऐकू येते. अरुणाचल, नागालँड, मिझोराम व मणिपूर या राज्यांत जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही अंतर्गत सीमा परवाना लागतो. त्याचे मूळ 1873 च्या एका ब्रिटिश कायद्यात आहे. हा परवाना का टिकला, तेथील जमातींना तो का हवासा वाटतो, हे तेथल्याच माणसांकडून समजून घेतले, तर संघराज्य या शब्दाचा अर्थ कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक उमगेल.

जानेवारी-फेब्रुवारीत तामिळनाडूचा पाऊस संपलेला असतो. तेथे तंजावरला मराठी मुलाने निदान तीन आठवडे मुक्काम करावा, असा माझा आग्रह आहे. राजराज चोळाने बांधलेले, 1010 साली पूर्ण झालेले बृहदीश्वराचे मंदिर जग पाहायला येते. पण त्याच मंदिराच्या भिंतीवर 1803 साली कोरवलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ इतिहास मराठीत आहे, याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांनाच असते. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तेथे मराठ्यांचे राज्य होते. दुसऱ्या सरफोजींनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तामिळ आणि संस्कृत पोथ्यांबरोबर मोडीतील मराठी कागदांचे गठ्ठे आहेत. निघण्यापूर्वी मोडीची अक्षरे गिरवून गेलेल्या मुलाला तेथे जो आनंद होईल, त्याची कल्पना करावी. असाच माग मार्च महिन्यात उत्तरेकडे काढता येतो: ग्वाल्हेर, झाशी, अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली पुन्हा उभारलेले काशीचे विश्वनाथ मंदिर, आणि शिंदे-भोसल्यांची नावे वागवणारे गंगेचे घाट. आपली भाषा आपल्या राज्याच्या सीमेवर संपत नाही, आणि जेथे ती गेली तेथे इतर भाषांच्या शेजारी नांदली, हे दोन्ही धडे एकाच फेरीत मिळतात.

या सर्व ठिकाणी जायलाच हवे असे मुळीच नाही; उलट, माझी सूचना कमी ठिकाणांची आहे. तीन दिवसांत शहराच्या इमारती दिसतात. तीन आठवडे राहिले तर दूधवाला नावाने हाक मारतो, वाचनालयातला ग्रंथपाल पुस्तक काढून ठेवतो, आणि बाजारातले भाव कानावर पडून तेथील भाषेचे आकडे पाठ होतात. वर्षाचे सहा-सात मोठे मुक्काम करावेत आणि प्रत्येक मुक्कामास एक काम असावे. वरोड्याजवळच्या आनंदवनाच्या परिवारात सोमनाथ येथे उन्हाळ्यात भरणारी श्रमसंस्कार छावणी, गडचिरोलीत राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा तरुणांसाठी चालणारा ‘निर्माण’ उपक्रम, राजस्थानात तिलोनिया येथे 1972 साली सुरू झालेले, ग्रामीण स्त्रियांच्या हाती तंत्रज्ञान देणारे बेअरफूट कॉलेज, अशी स्थळे आधी पत्र लिहून, त्यांच्या अटी समजून घेऊन गाठावीत. सेवा करायला म्हणून जाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून सेवा थोडीच होते, शिकणे मात्र पुष्कळ होते. ही गोष्ट मनाशी पक्की असली, म्हणजे उपकारकर्त्याचा भाव अंगी येत नाही आणि भांडी घासण्याचे काम मिळाले तरी वाईट वाटत नाही.

पैशाचा प्रश्न निकडीचा आहे. त्यासाठी एक साधी रीत सांगतो. रोजचा कमाल खर्च ठरवावा, त्याला दिवसांच्या संख्येने गुणावे, आणि येणाऱ्या रकमेचा चौथा हिस्सा आजारपण व अडचण यांसाठी वेगळा काढून ठेवावा. उदाहरणार्थ, दिवसाला 700 रुपये धरून 200 दिवसांचे 1,40,000 होतात. त्यात 35,000 मिळवले की 1,75,000 ची तजवीज लागते. ही रक्कम ज्या घराला जड आहे, तेथे वर्षाचे पहिले चार-पाच महिने दुकानात, छापखान्यात किंवा शेतावर काम करून पैसा उभा करावा आणि उरलेल्या दिवसांपुरताच प्रवास करावा. स्वकष्टाच्या पैशाने केलेला तीन महिन्यांचा प्रवास वडिलांच्या पैशाने केलेल्या वर्षापेक्षा तसूभरही कमी नाही. मुक्काम लांबला की खर्च आपोआप उतरतो, कारण भाडे वाचते आणि खोली महिन्याच्या दराने मिळते. धर्मशाळा, भक्तनिवास, युवा वसतिगृहे ही साधी निवासस्थाने अजूनही आहेत. नांदेड किंवा अमृतसरच्या गुरुद्वाऱ्यात लंगरचे अन्न कोणालाही मिळते, फक्त खाल्ल्यावर पोळ्या लाटायला किंवा ताटे धुवायला बसावे, ही सभ्यता पाळावी.

आगगाडीचे नियमही उमेदवाराने जाणावेत. रेल्वेचे भाडे अंतर वाढत जाते तसे दर किलोमीटरमागे उतरत जाते; म्हणून पाच तुकड्यांची पाच तिकिटे एका लांब तिकिटापेक्षा महाग पडतात. याच तत्त्वावर चक्राकार प्रवासाचे तिकीट मिळते: ज्या स्थानकावरून निघायचे तेथेच परत यायचे, आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते. त्यासाठी मार्ग लिहून रेल्वेच्या विभागीय कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि प्रत्येक टप्प्याचे आरक्षण स्वतंत्र घ्यावे लागते. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली आहे. म्हणजे दोन महिन्यांपलीकडचा आराखडा तिकिटांनी बांधता येत नाही, आणि बांधूही नये.

प्रकृती व सुरक्षितता यांविषयी थोडक्यात, पण निक्षून सांगतो. धनुर्वात, विषमज्वर व कावीळ यांच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारून त्या महिनाभर आधी घ्याव्यात. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी घोट घोट पीत राहावे. आजवर असंख्य जीव या साध्या पाण्याने वाचले आहेत. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. 112 हा आपत्कालीन आणि 139 हा रेल्वेचा क्रमांक पाठ असावा. मुलींना या वर्षापासून वंचित ठेवणे अन्यायाचे होईल. दोघी-तिघींनी मिळून निघावे, नव्या गावी दिवसा उजेडी पोहोचावे, पहिल्या रात्रीचा मुक्काम आधी ठरलेला असावा आणि तेथील एका विश्वासू कुटुंबाचा पत्ता जवळ असावा. यांतील प्रत्येक नियम मुलांनीही पाळण्याजोगा आहे.

आता वहीविषयी. उमेदवाराचे खरे काम नोंदीचे. रोज रात्री एका पानावर जमाखर्च आणि समोरच्या पानावर त्या दिवशी कोण भेटले, काय म्हणाले, काय नवे कळले, एवढे लिहावे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्याच्या आशेने 1857 साली उत्तर हिंदुस्थानात गेले, उठावाच्या वणव्यात सापडले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि कित्येक वर्षांनी तो सारा वृत्तान्त आठवणीतून लिहून काढला. ‘माझा प्रवास’ म्हणून तो 1907 साली प्रसिद्ध झाला नसता, तर मराठी माणूस केवढ्या ठेव्याला मुकला असता! विष्णुभटांची स्मरणशक्ती सर्वांना नसते; आपल्याला रोजची वही हवी. आणि गोखल्यांची अटही त्या वहीला लावावी: पाहिलेले व ऐकलेले भरपूर लिहावे, मते मात्र वर्षाच्या शेवटासाठी राखून ठेवावीत. मोबाईलवर तासातासाला छायाचित्रे आणि अभिप्राय प्रसिद्ध करण्याची सवय येथे घातक ठरते, कारण मत एकदा चारचौघांत बोलून गेले की माणूस पुढे तेच खरे करण्यासाठी पाहू लागतो, आणि मग दिसणारे दिसेनासे होते. घरी आठवड्याला एक सविस्तर पत्र आणि रोज खुशालीचे दोन शब्द, एवढे पुरे.

वर्ष संपण्याची तारीख ठरलेली असावी आणि त्या तारखेस घरी परतावे. मग महिनाभर ती वही पुन्हा वाचावी, हिशेबाची बाकी काढून घरच्यांपुढे ठेवावी, आपल्या जुन्या शाळेत जाऊन धाकट्यांना चार गोष्टी सांगाव्यात, आणि आता, या वेळी, आपली मते लिहून काढावीत. निघताना निवडलेली विद्याशाखा परतल्यावरही हवीशी वाटते का, हा प्रश्न तेव्हा विचारावा. उत्तर होय आले तर तो विद्यार्थी वर्गात दुप्पट निष्ठेने बसेल. नाही आले, तर चार वर्षे आणि काही लाख रुपये एका वर्षाने वाचवले. गांधींनीही वचन पूर्ण झाल्यावर, फेब्रुवारी 1916 मध्ये, काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात तोंड उघडले. पुढे बसलेल्या संस्थानिकांच्या दागिन्यांविषयी आणि देशाच्या दारिद्र्याविषयी ते जे बोलले, त्याने व्यासपीठ हादरले. त्या शब्दांच्या मागे तिसऱ्या वर्गाच्या डब्यात काढलेले एक वर्ष उभे होते.

पालकांना शेवटी एकच सांगायचे आहे. गोखल्यांनी गांधींना वचनात बांधून सोडून दिले नाही. आपल्या भारत सेवक समाजातील डॉ. देव यांना बोलावून त्यांनी सांगितले, की समाजाच्या वह्यांत गांधींच्या नावाने खाते उघडा, आणि त्यांच्या नियोजित आश्रमासाठी व सार्वजनिक कामासाठी त्यांना लागेल ते द्या. वचन घेणे आणि खाते उघडणे, वडीलधाऱ्याची ही दोन कामे आहेत. आपल्यापैकी बरेच जण मुलांच्या नावाने खाते उघडतात आणि वचन घ्यायला विसरतात. काही जण वचनांवर वचने घेतात, पण खाते उघडत नाहीत. आपला मुलगा किंवा मुलगी हे वर्ष मागेल, तेव्हा अटी स्वच्छ शब्दांत लिहून घ्या, परतीची तारीख ठरवा, जमेल तेवढी रक्कम खात्यावर घाला, आणि मग स्थानकावर पोहोचवायला स्वतः जा.